कुंडीतली केळ आणि तिची माती

भिवापूरचे नाव निघाले की माणूस मिरचीवर बोलायला लागतो, आणि ते योग्यच आहे. या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तोडणीच्या दिवसांत सातऱ्यांवर देठ तोडणाऱ्या बायांच्या रांगा बसतात आणि गावाची हवासुद्धा तिखट होते. अशा गावातून केळीवर, तेही कुंडीतल्या केळीवर, एक पुस्तिका निघते आहे याचे अनेकांना नवल वाटेल. केळी म्हटली की रावेर-यावल, फार तर अर्धापूर. विदर्भापुरते बोलायचे तर अकोट-अंजनगावचा पट्टा आणि एके काळी वर्ध्याजवळचे सेलू. त्या यादीत भिवापूर कधीच नव्हते.

पण केळ इथे होती. शेतात नव्हती, सांदवाडीत होती. न्हाणीचे पाणी घराच्या मागे जिथे जाऊन मुरायचे, तिथे केळीचे एक बेट हमखास असायचे. सत्यनारायणाच्या चौरंगाला खांब तिथूनच निघत, महालक्ष्म्यांच्या पंगतीची पाने तिथूनच कापली जात, आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा घड शेजारपाजारच्या पोरांच्या वाट्याला येई. त्या केळीला कोणी खत मोजून दिले नाही की पाणी मोजून दिले नाही. मग घरे वाढली, सांदवाडीत खोल्या निघाल्या, अंगणाला फरशी आली, न्हाणीचे पाणी सिमेंटच्या नालीत गेले. केळीच्या पायाखालची ओली जमीनच गेली. आज पूजेच्या आदल्या दिवशी केळीचे खांब बाजारातून विकत आणणाऱ्या घरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे झाड लावायला जमीन उरलेली नाही. ड्रम आहे, गच्ची आहे, अंगणातला एक उन्हाचा कोपरा आहे. ही पुस्तिका त्या कोपऱ्यासाठी आहे.

केळीला कोंडून वाढवायची कल्पना शहरी हौस म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. आज जगाच्या बाजारात जी केळी विकली जातात त्यांतल्या बहुतेकांचे कूळ एका काचघराशी जोडलेले आहे. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने 1830 च्या आसपास मॉरिशसमार्गे आलेले केळीचे एक रोप मिळवले. भरपूर पाणी, कसदार माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि काचघरातली ऊब एवढ्या बळावर नोव्हेंबर 1835 मध्ये ते फुलावर आले आणि पुढच्या वर्षी त्याला शंभरावर केळी लागली. ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश म्हणू लागले. जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने चॅट्सवर्थची रोपे पुढे सामोआला नेली आणि तिथून ती पॅसिफिक बेटांवर पसरली. खानदेशात पिढ्यान् पिढ्या लावली गेलेली बसराई ही याच ठेंगण्या कॅव्हेंडिशची आपली जात. म्हणजे कुंडीत लावायला जी केळ मी सर्वांत आधी सुचवतो, तिचे भाऊबंद जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच भिंतीआड, माणसाने कालवलेल्या मातीत फळले आहेत. पॅक्स्टनला थंडीशी झुंजायचे होते. आपल्याला मे महिन्याशी झुंजायचे आहे, आणि त्याहून आधी आपल्या मातीशी.

आपल्या मातीशी म्हणताना शब्द जपून वापरतो, कारण ही माती वाईट नाही. भिवापूरचा शेतकरी जमिनीला पाच-सहा नावांनी ओळखतो. खोल काळी ती कन्हार, तिच्याहून हलकी, करडी-तपकिरी ती मोरांड, उथळ ती खरडी, रेताड ती सिहार आणि गोट्याखड्यांची ती बरडी. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला बेसॉल्टचा काळा खडक आहे आणि पूर्वेकडे सरकत गेलो की जुने स्फटिकी खडक लागतात. म्हणून या भागात एकाच शिवारात दोन-तीन प्रकारच्या जमिनी भेटतात. कन्हारीत कापूस, सोयाबीन, गहू, हरभरा उभा राहतो. पाऊस थांबल्यावर महिनोन् महिने ओल धरून ठेवणे हा तिचा मोठा गुण. आणि नेमका हाच गुण कुंडीत घात करतो.

कन्हारीतल्या चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की दोन कणांमधल्या फटीत शिरलेले पाणी सहजी बाहेर पडत नाही. भिजली की ती फुगते, वाळली की आकसते. शेतात हे चालते, कारण तिथे माती मीटरभर खोल आहे, खालचे थर पाणी ओढून घेतात, उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून हवा आत जाते. कुंडीला खाली थर नाही. दीड फुटावर तळ आहे आणि तळाशी चार भोके. तिथे पाणी कसे वागते हे नीट समजले की या पुस्तिकेतला अर्धा भाग आपोआप समजेल.

कुठल्याही कुंडीला भरपूर पाणी घाला आणि निथळू द्या. थेंब पडायचे थांबले तरी तळाशी काही बोटे उंचीचा थर पूर्ण भिजलेला राहतो. कणांच्या बारीक फटी पाण्याला धरून ठेवतात आणि भोकाबाहेरच्या मोकळ्या हवेत ते पाणी आपण होऊन उतरत नाही. माती जितकी बारीक, तितका हा थर उंच. चिकणमातीत तो कुंडीच्या निम्म्यापर्यंतही चढतो. त्या थरात हवा नसते. केळीची मुळे दोरीसारखी जाड आणि मांसल, त्यांना श्वास लागतो. पाण्यात बुडून राहिली की ती काळी पडून कुजतात, आणि वर पाने पिवळी पडतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

इथे एका सार्वत्रिक समजुतीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा गिट्टीचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो, असे आपण सगळे ऐकत आलो. भोक बुजू नये म्हणून एक खापरी ठेवणे ठीक. पण चार बोटे गिट्टी भरली तर पाणी थांबायचा तो थर गिट्टीच्या वर जाऊन बसतो, कारण बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरायला तयार नसते. मुळांना मिळणारी जागा तेवढी घटते. निचरा हवा असेल तर तो साऱ्या मिश्रणात वरपासून खालपर्यंत हवा, तळाला वेगळा थर देऊन तो साधत नाही.

कन्हारीचा दुसरा त्रास उन्हाळ्यात कळतो. दोन दिवस पाणी चुकले की काळी माती आकसून ड्रमच्या भिंतीपासून सुटते आणि कडेने बोटभर फट पडते. नंतर घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मिनिटाभरात भोकातून वाहू लागते. बघणाऱ्याला वाटते झाड भरपूर प्यायले. मधला गोळा मात्र विटेसारखा कोरडाच असतो. अशा ड्रमात एक काडी मधोमध खुपसून पाहावी. ती शिरलीच नाही, किंवा कोरडी निघाली, तर केळीला पाणी मिळालेले नाही. माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांपैकी अनेकांचे रोप असेच, रोज पाणी घालूनही तहानेने गेलेले असते.

मग माती घ्यायचीच नाही का? असेही एक मत आहे आणि त्यामागे मोठे काम आहे. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून घरच्या घरी माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रभर पोचवला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीतली शेती करून दाखवली. या दोघांचे ऋण मानूनच पुढचे लिहितो. मुंबईत उसाचे चिपाड रसवंतीच्या दारात मिळते आणि तिथली हवा दमट आहे. भिवापुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. नुसत्या पालापाचोळ्यावरची केळ इथे नवतप्यात तग धरणे कठीण, कारण असे मिश्रण संध्याकाळपर्यंत कोरडे पडते आणि वर्षभरात कुजून निम्म्यावर येते. केळीसारखे जड डोक्याचे झाड वाऱ्यात उभे राहायलाही खाली थोडे वजन लागते. म्हणून माझे मत असे: माती हवी, पण ती मिश्रणाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि कन्हार तर नकोच.

जगभर या प्रश्नावर बरीच डोकेफोड झाली आहे. लंडनजवळच्या जॉन इन्स संस्थेत 1930 च्या दशकात विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कुंड्यांसाठी एकच खात्रीचे मिश्रण ठरवले: सात भाग वाफवलेली दुमट माती, तीन भाग पीट, दोन भाग जाड रेती. त्याआधी प्रत्येक माळी आपापल्या गुप्त पाककृतीने माती कालवत असे आणि रोपे कशाने मरतात हे कोणालाच सांगता येत नसे. ते प्रमाण उत्तम होते, पण त्यातली दुमट माती इंग्लंडच्या कुरणातली होती. तो सात भागांचा आकडा उचलून आपण सात घमेली कन्हार घेतली तर हाती चिखल येतो. प्रमाणे दुसरीकडून आणता येतात, माती इथलीच असते. म्हणून या पुस्तिकेतली सगळी प्रमाणे इथे मिळणाऱ्या वस्तूंवर बेतली आहेत.

त्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे धानाचे तूस. भिवापूरपासून पवनी, नागभीड, ब्रह्मपुरीपर्यंत धानाचा पट्टा आहे आणि राइस मिलच्या मागे तुसाचे डोंगर असतात. तुसात सिलिका भरपूर असल्याने ते कुजायला फार वेळ घेते, आणि होडीसारख्या आकारामुळे दोन तुसांमध्ये हवा राहते. बाहेरगावी लोक पर्लाइट नावाचा पांढरा हलका दगड विकत घेतात तो याच कामासाठी. आपल्याकडे ते काम तूस करते, आणि मिलवाल्याला पोते भरून मागितले तर तो आनंदाने देतो. कच्चे तूस वापरायचे तर आधी दोन-तीन आठवडे ओले करून ढीग घालावा, म्हणजे त्यात राहिलेले धान उगवून मरते आणि सुरुवातीची कुज बाहेरच होऊन जाते. अर्धवट जाळून काळे केलेले तूस आणखी चांगले. ते वर्षानुवर्षे तसेच राहते. मात्र पूर्ण जळून पांढरी-करडी राख झालेले तूस वेगळे, ते इथे नको.

राखेचा विषय निघालाच आहे तर पुढे नेतो. केळीच्या बुडाशी चुलीची राख टाकायची जुनी सवय आहे आणि ती अडाणीपणाची नाही. राखेत पालाश असते आणि केळीला पालाश फार लागते. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत राख दुहेरी उपयोगाची ठरते. आपल्याकडे काळ्या जमिनीत आधीच चुनखडी आहे, बोअरचे पाणी जड आहे. ड्रमच्या कडेला जो पांढरा थर साचतो तो त्याच क्षारांचा. त्यात राख घातली की सामू आणखी चढतो आणि लोह मुळांना मिळेनासे होते. केळीचे नवे कोवळे पान शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असे निघाले तर लोह अडले असे समजावे. जुनी, खालची पाने कडेने पिवळी-नारिंगी होऊन वाळली तर पालाश कमी पडले. खूण लक्षात ठेवायला सोपी आहे: तक्रार नव्या पानाची की जुन्या पानाची, एवढेच पाहायचे. पालाश राखेऐवजी सल्फेट ऑफ पोटॅशमधून, थोडे-थोडे, दर पंधरवड्याला द्यावे. आणि पावसाचे पाणी साठवता आले तर ते आधी केळीला, मग बाकीच्यांना.

मातीसाठी मोरांड किंवा खरडी घ्यावी. ती जवळ नसेल तर तलावाचा गाळ. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव आणि बोड्या उन्हाळ्यात आटल्या की गाळ उघडा पडतो. शेतकरी तो ट्रॉलीने शेतात नेतात आणि त्यांना त्याची किंमत माहीत आहे. गाळ कसदार असतो, पण तोही बारीक कणांचाच, तेव्हा कन्हारीचा नियम त्यालाही लावायचा: कमी घ्यायचा, तूस वाढवायचे. रेती घ्यायची तर वैनगंगेची जाड, चाळून वर राहिलेली. बारीक रेती चिकणमातीत कालवली की फटी बुजतात आणि वाळल्यावर गोळा आणखी घट्ट होतो. रेती मिळत नसेल तर विटांचे वाटाण्याएवढे तुकडे तिच्याइतकेच चालतात, किंबहुना सरस, कारण विटेचा तुकडा थोडे पाणीही धरतो.

शेणखताबद्दल मी आग्रही आहे. जुने हवे, काळे, भुसभुशीत, शेणाचा वास पूर्ण गेलेले. ताजे शेण ड्रमात तापते आणि मुळे भाजते. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि बंद ड्रमात त्यांना मुळांशिवाय दुसरे खायला काही नसते. खत हातात घेऊन चोळावे. बोटांना चिकटले किंवा शेणाच्या पोवट्याचे तुकडे ओळखू आले तर आणखी तीन महिने थांबावे. गांडूळखत असेल तर निम्मे शेणखत, निम्मे ते. त्यात ड्रममागे दोन मुठी निंबोळी पेंड टाकावी. सूत्रकृमींवर तिचा चांगला उपयोग होतो आणि विदर्भात निंबोळीला तोटा नाही. लाकडाचा भुसा मात्र टाळावा. कुजताना तो नत्र खाऊन टाकतो आणि केळ पिवळी पडते. केळीच्या बागेतली माती कोणी कितीही प्रेमाने दिली तरी आणू नये. मर रोगाची बुरशी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि तिच्यावर औषध नाही.

कोकोपीट आता तालुक्याच्या ठिकाणीही मिळते. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते, हलके असते, पाणी छान धरते. गच्चीवर ठेवायच्या ड्रमाला मी ते जरूर घ्यायला सांगेन. वजनाचा हिशेब करून पाहा: दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापून अर्धा केला तर शंभर लिटर माती बसते, ओली काळी माती भरली तर वजन दीडशे किलोच्या वर सहज जाते, आणि ते सगळे पाव चौरस मीटरवर. घराच्या गच्चीचा आराखडा करताना चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात. म्हणून गच्चीवर मिश्रण हलके, आणि ड्रम भिंतीच्या किंवा खांबाच्या माथ्यावर, मधोमध कधीच नाही. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे. स्वस्त विटांमध्ये मीठ असते आणि केळीच्या पानांच्या कडा करपतात.

आता प्रमाण. अंगणातल्या ड्रमाला चार घमेली मोरांड किंवा खरडी, तीन घमेली शेणखत, तीन घमेली तूस (निम्मे जळके असल्यास उत्तम) आणि दोन घमेली जाड रेती किंवा विटांचे तुकडे. गच्चीसाठी मातीची दोनच घमेली, रेती नाही, आणि त्यांच्या जागी चार घमेली धुतलेले कोकोपीट. हे आकडे सुरुवातीचे आहेत. तुमची खरडी माझ्या खरडीसारखी असेलच असे नाही, तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवण्याऐवजी मोजून पाहावे, आणि मोजायला प्रयोगशाळा लागत नाही.

दहा लिटरची जुनी बादली घ्या, तळाला चार भोके पाडा आणि ती बाहेरून चिकटपट्टीने बंद करा. मिश्रण भरा, दोनदा आपटून बसवा, पुन्हा काठोकाठ भरा. आता पाणी अगदी सावकाश ओता, वर तरंगेपर्यंत, आणि तासभर ठेवा. खाली गेले तर पुन्हा भरा. मग बादली घमेल्यावर धरून चिकटपट्ट्या काढा आणि थेंब थांबेपर्यंत निथळलेले पाणी गोळा करून मापाने मोजा. जेवढे पाणी निघाले तेवढ्या जागेत आता हवा शिरली. दहा लिटरमागे दीड ते दोन लिटर पाणी निघाले तर मिश्रण केळीला योग्य. एक लिटरपेक्षा कमी निघाले तर तूस वाढवा. तीन लिटरच्या वर गेले तर उन्हाळ्यात दिवसातून तीनदा पाणी घालावे लागेल, तेव्हा शेणखत किंवा गाळ थोडा वाढवा. हीच बादली कन्हारीने भरून पाहिली तर सारा प्रश्न डोळ्यांसमोर येतो: कपभर पाणी निघते आणि थांबते.

मिश्रण जमले की पुढची लढाई उन्हाशी. काळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमाची पश्चिमेची भिंत मे महिन्यात हात लावू देत नाही, आणि मुळे नेमकी भिंतीला चिकटून वाढतात. ड्रमाला बाहेरून चुना मारावा, भोवती बारदाना गुंडाळावा, वर चार बोटे तणस किंवा सोयाबीनचे कुटार पसरावे. मिश्रण कितीही चांगले असले तरी हे केल्याशिवाय इथला उन्हाळा निघत नाही. खानदेशात मोठ्या केळीला उन्हाळ्यात ठिबकने रोज वीस लिटरच्या आसपास पाणी देतात. ड्रमातल्या केळीची पाने लहान, म्हणून तिला कमी पुरते, पण तेही सकाळ-संध्याकाळ वाटून.

खताच्या मात्रेबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. इथे एकच सांगतो. शेतातल्या केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते सुमारे 435, 250 आणि 335 ग्रॅम होते. हा आकडा वर्षभराचा आणि मोकळ्या जमिनीचा आहे. एवढे खत दोन-तीन हप्त्यांत ड्रमात टाकले तर मुळे मिठाने जळतात. कुंडीत निम्मे पुरे, आणि तेही चिमटी-चिमटीने.

भिवापूरकरांना खास एक सावधगिरी. मिरची आणि केळ यांना एक विषाणू समान आहे, काकडीवरचा मोझॅक. गेल्या काही वर्षांत जळगावच्या बागांनी त्याचा मार खाल्ला आहे. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. आपल्या गावात दारोदारी मिरचीची रोपे, वेलीवर काकडी-दोडके, आणि त्यांच्या शेजारीच ड्रम ठेवला तर कोवळ्या टिश्यू कल्चर रोपावर पहिल्या तीन-चार महिन्यांतच पिवळे पट्टे दिसू लागतात. असे रोप बरे होत नाही, उपटून जाळावे. ड्रम मिरचीपासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा.

जात कोणती, हा प्रश्न शेवटी येतो आणि लोक तो पहिला विचारतात. बसराई माणसाच्या उंचीची राहते, म्हणून ड्रमाला तीच बरी. ग्रँड नैन थोडी उंच होते, पण तिची निरोगी टिश्यू कल्चर रोपे सहज मिळतात; जागा असेल तर जरूर लावावी. वेलची आणि राजेळी चवीला कितीही गोड असल्या तरी ड्रमात त्यांची कुचंबणा होते. मुनवा लावायचा असेल तर तलवारीसारख्या अरुंद पानांचा घ्यावा, रुंद पानांचा पाणमुनवा नको. ड्रम भरताना वरची अर्धी वीत रिकामी सोडावी, कारण मिश्रण बसते आणि प्रत्येक नवा मुनवा आधीच्यापेक्षा थोडा वर निघतो. दरवर्षी तेवढी भर शेणखत आणि तुसाची घालायची असते. घड शेतातल्याएवढा येणार नाही आणि तो यायला शेतातल्यापेक्षा काही महिने जास्त लागतील. पाने मात्र त्याआधीच कापता येतील.

कामाचा क्रम मात्र पाळा. धानाची मळणी आटोपली की मिलमधून तूस आणून ठेवा. शेणखताचा ढीग हिवाळ्यातच लावा, बोडी आटली की गाळ किंवा मोरांड आणा, वैशाखात सगळे कालवून ओले करून झाकून ठेवा आणि बादलीने मोजून घ्या. मृगाचे दोन पाऊस पडून हवा थंडावली की रोप आणा. त्याआधी स्वस्त मिळाले म्हणून आणू नका.